लगदा कोणाच्या जंगलाचा?

गेल्या महिन्यात धंतोलीतल्या एका सभागृहात शालेय वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता, ‘कागदाचा वापर थांबवल्याशिवाय जंगल वाचणार नाही.’ अनुकूल बाजूच्या मुलीने पहिल्याच मिनिटात सांगून टाकले की आपण सारे वह्यांच्या रूपाने दप्तरात झाडांची प्रेते वागवतो. प्रतिकूल बाजूच्या मुलाने उत्तर दिले की कागद कारखाने तोडतात त्याहून अधिक झाडे लावतात, म्हणून जितका कागद जास्त तितके जंगल जास्त. टाळ्या दोघांनाही पडल्या. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांचेच बोलणे ती पाठ करून आली होती. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवून तिच्याखाली ‘झाडे वाचवा’ असे लिहिणारा गृहस्थ आणि रीमच्या वेष्टनावर हिरवे पान छापणारा विक्रेता गेली कित्येक वर्षे याच दोन वाक्यांनी भांडत आहेत, आणि दोघांच्याही लेखी जंगल म्हणजे झाडांचा निव्वळ आकडा आहे. त्या जंगलात कोणी तरी राहते, त्यावर कोणाचा तरी हक्क आहे, तिथला माल कोणत्या तरी दराने बाहेर जातो, या गोष्टींना त्या भांडणात जागाच नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो. लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून कागद करण्यात गैर काही नाही. स्वस्त लगद्याचा शोध हा सामान्य माणसाच्या हाती पुस्तक देणारा शोध आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र तो स्वस्त कोणाच्या जिवावर झाला हे विचारणे भाग आहे, आणि विदर्भात राहून हा प्रश्न न विचारणे तर फारच विचित्र आहे. नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काही तासांत बल्लारपूर येते. तिथला कागद कारखाना १९४५ मधला, आणि त्याच्या कंपनीच्या मूळ नावात ‘पेपर’बरोबर ‘स्ट्रॉ बोर्ड’ हे शब्दही होते. पण नावात गवताचा पेंढा असला तरी फाटकातून आत जात राहिला तो प्रामुख्याने चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू. आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेच्या वह्या त्या बांबूच्या होत्या. तो कोणी तोडला आणि तोडणाऱ्याला काय मिळाले, हे त्या वह्यांवर निबंध लिहिताना आपल्याला कोणी विचारले नाही.

कागदाला झाड लागतेच असे नाही, हे प्रथम मान्य करू. कागदाला लागतो सेल्युलोजचा तंतू. तो चिंध्यांत असतो, तागात असतो, पेंढ्यात, उसाच्या चिपाडात आणि कापसात असतो. इसवी सन १०५ च्या सुमारास चीनमध्ये त्साय लुनच्या नावाने नोंदला गेलेला कागद तुतीची साल, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी कुटून केलेला होता. आपल्याकडे जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद प्रसिद्ध होता आणि मराठेशाहीतली दफ्तरे अशाच कागदांवर टिकून राहिली. माझ्या आजोबांच्या इतवारीतल्या दुकानाची एक चोपडी घरात आहे. तिचा हातकागद आजही बोटांत चामड्यासारखा लागतो, कडा किंचित दातेरी, आणि पान उजेडासमोर धरले की आत गुंतलेले तंतू दिसतात. तिच्याशेजारी वडिलांचे शाळेचे एक पुस्तक ठेवले आहे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतले. त्याचे पान उलटताना कोपरा हातात राहतो. वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. काही वर्षांनी पाहिले तर ते दुधाच्या चहाच्या रंगाचे झाले होते आणि ज्या कोपऱ्यावर दुसरा फोटो आला होता तेवढाच चौकोन पांढरा राहिला होता. लाकडात तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन असते, ते कागदात राहिले की उजेडाने असे पिवळे पडते. आणि जुन्या कागदाला शाई फुटू नये म्हणून लावलेल्या तुरटी-राळेच्या खळीतले आम्ल त्याचे पान पापडासारखे ठिसूळ करते. टिकाऊपणाच्या कसोटीवर चिंध्यांचा कागद जुन्या लगद्याच्या कागदाला सहज हरवतो, यात शंका नाही.

मग माणूस लाकडाकडे वळला कशासाठी? चिंध्या पुरेनात म्हणून. छापखाने वाढले, वाचणारे वाढले, पण माणसे कपडे काही त्या वेगाने फाडत नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपात चिंध्यांसाठी देशोदेशी फिरणारे व्यापारी होते, आणि घाणेरड्या चिंध्या निवडणाऱ्या बायकांना त्यांतूनच रोग जडत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ सालीच दाखवून दिले होते की गांधीलमाशी लाकूड चावून त्याचा कागद करते आणि त्याचे घर बांधते, तेव्हा माणसालाही हे जमायला हवे. आपल्या वळचणीखाली लोंबणारे ते राखाडी पोळे खरोखर कागदाचेच असते. तरीही सव्वाशे वर्षे गेली. १८४४ मध्ये सॅक्सनीतल्या फ्रीडरिख गॉटलोब केलर नावाच्या विणकराने लाकूड फिरत्या ओल्या दगडावर घासून लगदा काढला, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसाच. त्याच वर्षी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टीनेही लाकडाचा कागद करून वर्तमानपत्राला दाखवला. केलरकडे पैसे नव्हते, त्याला आपला हक्क विकावा लागला आणि कमाई दुसऱ्यांनी केली. लगद्याच्या इतिहासात शोधणारा आणि पिकवणारा गरीब राहतो, ही रीत तेव्हापासूनचीच म्हणायची.

या स्वस्ताईचे मोल नागपूरकराला समजावून सांगण्याची गरज पडू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती एकदा नीट पाहावीत. खेड्यातून आलेला, रात्री उघड्यावर झोपलेला माणूस परतताना पिशवीत पुस्तिका भरून नेतो, कारण त्या त्याला परवडतात. त्या पातळ मुखपृष्ठाच्या, पिनांनी टाचलेल्या पुस्तिका हातकागदावर छापल्या असत्या तर किती जणांनी घेतल्या असत्या? ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्या हाती अक्षर आले त्यात कायदा, शाळा आणि चळवळ यांच्याबरोबर या पिवळ्या पडणाऱ्या कागदाचाही वाटा आहे. म्हणून ‘कागद महाग करा, वापर आपोआप घटेल’ हा उपाय कोणी सुचवला की मला आधी ती पुस्तकांची दुकाने आठवतात. भारतात माणशी वर्षाला पंधरा-सोळा किलोच्या आसपास कागद वापरला जातो, जगाची सरासरी पन्नास किलोंच्या वर आहे. आपल्याकडे कागद उधळला जातो तो ठरावीक कचेऱ्यांत आणि खोक्यांत. खेड्यातल्या मुलाच्या दप्तरात अजूनही वह्या कमीच आहेत.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते पोकळ नाहीत. लगद्यासाठी जंगले तोडली गेलीच नाहीत असे म्हणणे म्हणजे उघड असत्य सांगणे होय. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर रियाऊ प्रांतात पाणथळ पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) जमिनीवरची नैसर्गिक जंगले साफ करून तिथे अकेशियाची एकसुरी लागवड झाली. ती जमीन सुकवली की सहज पेट घेते आणि आतल्या आत धुमसत राहते. निलगिरीची सरळ रांगांतली लागवड दुरून हिरवी दिसते, पण तिच्यात मोह नाही, तेंदू नाही, चारोळी नाही आणि म्हणून अस्वलही नाही. ‘आम्ही जास्त झाडे लावतो’ या वाक्यात हा सारा फरक गिळला जातो, आणि त्या स्पर्धेतल्या मुलाने नेमके तेच केले. दुसरा मुद्दा पाण्याचा. लाकडातले लिग्निन काढण्यासाठी लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. या क्राफ्ट पद्धतीत लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी तंतू हाती लागतो, बाकीचे काळ्या पाकात विरघळते. पुढे तो तपकिरी लगदा पांढरा करायला पूर्वी सरळ क्लोरीन वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये नदीत जातात हे १९८० च्या दशकात लक्षात आल्यावर मोठे कारखाने क्लोरीन डायऑक्साइडकडे आणि इतर पद्धतींकडे वळले. म्हणजे नद्यांनी ही किंमत आधी मोजली आणि सुधारणा नंतर आली. हे सारे मी मान्य करतो.

पण यावरून ‘लाकूड नको’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी लाकूड नसलेला कागदही तपासून पाहावा. १९७० च्या दशकात आपल्या सरकारने पेंढ्यावर चालणाऱ्या लहान कागद कारखान्यांना करसवलती देऊन उत्तेजन दिले. कल्पना उत्तमच होती: जंगल वाचेल, शेतकऱ्याला पेंढ्याचे पैसे मिळतील, गावोगाव रोजगार होईल. झाले काय? मोठा कारखाना काळा पाक आटवून भट्टीत जाळतो, त्यातून स्वतःची वाफ आणि वीज काढतो आणि रसायने परत मिळवतो. ही यंत्रणा इतकी महाग असते की लहान कारखान्याला ती झेपत नाही. शिवाय भाताच्या आणि गव्हाच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, ती पाक आटवताना नळ्यांत दगडासारखी बसते. तेव्हा तो काळा पाक कित्येक वर्षे जवळच्या ओढ्यात गेला, आणि उत्तर प्रदेशातल्या काही नद्यांच्या काठच्या लोकांना त्याचा रंग आणि वास चांगलाच ठाऊक आहे. एकही झाड न तोडता केलेला हा कागद होता. त्याच्या वेष्टनावरही हिरवे पान छापता आले असते.

तामिळनाडूने चिपाडापासून वर्तमानपत्राचा कागद करणारा सरकारी कारखाना १९७९ मध्ये स्थापून दाखवला आणि तो चांगला चालला, हे खरे. पण चिपाड फुकट पडलेले नव्हते; साखर कारखाने ते स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळत होते, म्हणून कागद कारखान्याला त्यांच्याशी इंधनाच्या बदल्यात चिपाड असा करार करावा लागला. एक तंतू सोडवला की दुसरीकडे कोळसा लागतो. आपल्या वऱ्हाडात पऱ्हाटीचे नाव नेहमी घेतले जाते. कपाशी उपटल्यावर उरणाऱ्या पऱ्हाटीपासून लगदा आणि पुठ्ठा होतो, ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या सिद्ध आहे. अडचण एवढीच की ती फार फुगीर असते, ट्रकभर आणली तरी वजन भरत नाही, वर्षातून एका हंगामातच मिळते, आणि जिच्या चुलीत ती आज जळते त्या बाईला तिच्या जागी काय द्यायचे याचे उत्तर कोणी दिलेले नाही. कापसाचा खरा मानाचा कागद होतो तो याच रेल्वेमार्गावर इटारसीच्या पलीकडे, होशंगाबादला (आताचे नर्मदापुरम); १९६८ पासून तिथल्या सरकारी कारखान्यात नोटांचा कागद होतो आणि तो कापसाच्या तंतूंचा असतो. खिशातली नोट धुण्यात गेली तरी विरत नाही ती त्यामुळे. पण नोटेचा कागद वहीला वापरायचा म्हटले तर वही नोटांनीच विकत घ्यावी लागेल.

राहिली रद्दी. भारतात बनणाऱ्या कागदापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक कागद आजच रद्दीपासून होतो, आणि याचे श्रेय कोणत्याही धोरणापेक्षा दारोदार फिरणाऱ्या रद्दीवाल्याला जास्त आहे. वर्तमानपत्र वेगळे, वह्या-पुस्तके वेगळी, पुठ्ठा वेगळा, अशी निवड तो रस्त्यावरच करतो. पण तंतू अमर नसतो. दर वेळी भिजून, कुटून, वाळून तो आखूड आणि ताठर होत जातो, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा कागद धरत नाही. कुठे तरी कोणाला तरी ताजा तंतू मिसळावाच लागतो. दुसरी गोष्ट, आपली रद्दी आपल्याला पुरत नाही, म्हणून आपण ती परदेशातून आणतो. ‘आम्ही झाड तोडत नाही’ असे म्हणताना आपण दुसऱ्या देशाने तोडलेले झाड वापरत असतो. आणि मोबाइलच्या पडद्याबद्दल थोडक्यातच बोलतो. अनावश्यक छपाई बंद व्हावी हे उघड आहे. हिवाळी अधिवेशनात इथे वाटल्या जाणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांपैकी किती उघडले जातात, हे जानेवारीत रद्दीवाल्याला विचारावे. पण कागद बंद झाला की जंगल वाचते हा हिशेब चुकीचा आहे. अजनी वनातल्या झाडांवर २०२१ मध्ये कुऱ्हाड टांगली गेली आणि नागपूरकर रस्त्यावर आले, ते वाहतूक केंद्राच्या प्रकल्पामुळे. चंद्रपूरची जमीन कोळशासाठी उकरली जाते, सुरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी. यांपैकी एकही कुऱ्हाड व्हॉट्सॲपवरच्या लग्नपत्रिकेने थांबणार नाही.

इथपर्यंत मी कागदाची बाजू घेतली. आता त्याच्याकडून हिशेब मागतो. बांबू हे गवत आहे, हे वनस्पतिशास्त्राचे पहिले पान वाचलेल्या कोणालाही ठाऊक असते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याची गणना झाडांत केली, आणि जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला त्या व्याख्येतून सोडवायला २०१७ साल उजाडावे लागले. नव्वद वर्षे एक गवत झाड म्हणून का जगले? कारण झाड म्हटले की त्यावर वनखात्याचा ताबा येतो, तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो. हा अडथळा गावकऱ्यासाठी होता. कारखान्यासाठी दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे आणि सवलतीचे दर होते. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ मध्ये बांबू टनाला दीड रुपया दराने देऊ केला गेला, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितले; बाजारात टोपल्या विणणाऱ्याला त्याच बांबूसाठी त्याच्या कैक पटींनी पैसे मोजावे लागत होते. १९७० च्या दशकात बांबू संपत चालल्याची ओरड झाल्यावर गाडगीळ त्याचा अभ्यास करायला गेले, तेव्हा खात्याचे आणि कारखान्याचे म्हणणे होते की गावकरी आणि त्यांची गुरे बांबू संपवतात. प्रत्यक्षात दिसले ते वेगळेच. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते, ते कोवळ्या कोंबांना गुरांपासून आणि रानजनावरांपासून वाचवते. बेट ‘स्वच्छ’ केले की वाढ चांगली होते, अशा समजुतीने कारखान्याची माणसे ते जाळे साफ करत होती, आणि उघडे पडलेले कोंब खाल्ले जात होते. गावकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होते. त्यांना विचारले कोणी?

आपल्याकडचा बुरड याच गणितात अडकलेला आहे. चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात मी एका बुरड बाईला सूप विणताना पाहत उभा होतो. तिने हिरवा बांबू पायाखाली धरून उभा चिरला, त्याच्या कामट्या काढल्या, आणि एकेका कामटीची पाठ सोलून ती कागदाइतकी पातळ केली. एका बांबूतून काय काय निघेल हे तिला तो उचलतानाच कळत होते. आतला पांढरा भागही तिने टाकला नाही, तो परडीच्या तळाला गेला. नोंदणी असलेल्या बुरडाला वनखात्याच्या डेपोतून सवलतीत बांबू मिळण्याची सोय कागदावर आहे. ‘मिळतो का?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, “मिळते ना भाऊ, पण वाळलेला. वाळलेल्याचं सूप होते का?” कारखान्याच्या यंत्राला वाळलेला चालतो, वाकडा चालतो, तुकडे चालतात. बुरडाच्या हाताला हिरवा आणि सरळच लागतो. वाटप करताना हा भेद ध्यानात घ्यायला कोणता मोठा निधी लागला असता?

या हिशेबाला पहिले खरे उत्तर गडचिरोलीतूनच मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचे नाव गौण वनोपजांच्या यादीत स्पष्ट शब्दांत घातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा म्हटला की वाहतूक परवाना खात्याच्याच हातात होता. हक्क तुमचा आणि किल्ली आमची, असा तो प्रकार. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू तोडला, स्वतः बोली मागवली, स्वतः विकला. ज्यांना पूर्वी आपल्याच जंगलात तोडणीची मजुरी तेवढी मिळे, ते आता मालाचे पैसे घेऊ लागले. बांबू नंतरही लगद्याला जाऊ शकतो, आणि त्याला माझी हरकत नाही. किती तोडायचा, कोणत्या वर्षी बेटाला विश्रांती द्यायची आणि वास्ते, म्हणजे खाण्याचे कोवळे कोंब, किती राखायचे, हे ठरवणारा माणूस बदलला, आणि माझ्या मते कागदाच्या नैतिकतेचा प्रश्न तिथेच सुटतो किंवा अडतो.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ग्रामसभांनी पुरा भाव मागितला तर कागद महागेल, आणि मग दीक्षाभूमीच्या त्या पुस्तिकांचे काय? मी घरातली दोनशे पानी मोठी वही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. अडीचशे ग्रॅमच्या थोडी आत भरली. निम्म्याहून कमी तंतू निघतो असे धरले तर एवढ्या वहीला अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम वाळलेला बांबू पुरे. बांबूचा दर टनामागे हजार रुपयांनी वाढला, आणि ही वाढ लहान नाही, तरी किलोला एक रुपया वाढतो आणि वहीमागे साठ पैसे. चाळीस-पन्नास रुपयांच्या वहीत साठ पैसे! मुखपृष्ठावर नटाचा चकचकीत फोटो छापायला याहून जास्त लागत असतील. स्वस्त पुस्तक आणि रास्त भाव यांतले एकच निवडा, असा पेच ज्यांनी आजवर मांडला, त्यांनी वही कधी तोलून पाहिली नसावी.

दुसरा आक्षेप असा की आता जंगलाचा प्रश्नच उरला नाही, कारण १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सवलतीचा वनमाल देणे बंद करून त्यांना शेतकऱ्यांकडे पाठवले, आणि आज पुष्कळसा लगदा शेतात लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूचा असतो. ही खरोखर चांगली घडामोड आहे, आंध्र-तेलंगणात हजारो शेतकऱ्यांनी असे लाकूड पिकवले, आणि मी तिचे स्वागतच करतो. पण विदर्भातल्या शेतकऱ्याला सुबाभूळ लावा असे सांगताना कपाशीतून आपण काय शिकलो ते विसरता येत नाही. लगद्याच्या लाकडाला आसपास खरेदीदार एखाद-दुसराच असतो. लाकूड वजनावर विकले जाते आणि तोडल्यापासून वाळून वजनाने घटत जाते, त्यामुळे भाव पटला नाही म्हणून शेतकरी ते राखून ठेवू शकत नाही. कापूस निदान घरात भरून ठेवता येतो. चार वर्षे वाट पाहिलेले पीक गिरणीच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरवर वाळत असताना सौदा कोणाच्या बाजूने होणार? मालक गोंड ग्रामसभा असो की कुणबी शेतकरी, खरेदीचा किमान दर आणि वजनाची पद्धत आधी ठरलेली नसेल तर जंगलातली जुनी गोष्ट शेतात पुन्हा घडेल.

मध्य प्रदेशातल्या नेपानगरची आठवण इथे उपयोगी आहे. देशातला पहिला न्यूजप्रिंट कारखाना. त्याची कंपनी १९४७ मध्ये उभी राहिली तेव्हा तो मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी आपले नागपूर. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याचा आधार होता सालई. इमारतीला कुचकामी म्हणून ज्या झाडाकडे कोणी पाहत नव्हते, त्या झाडावर वर्तमानपत्रे छापता येतील हे प्रयोगशाळेने दाखवले, आणि ‘निरुपयोगी’ लाकडाचे सोने झाले असे सर्वांना वाटले. निरुपयोगी कोणाला, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही. सालईचा डिंक गोळा करणाऱ्या आदिवासीला तो विचारला असता तर त्याने उत्तर दिले असते. ‘पडीक’, ‘निकृष्ट’, ‘निरुपयोगी’ हे शब्द जंगलाबाबत वापरले जातात तेव्हा ते मंत्रालयातून दिसणारे जंगल असते.

मग आपण नागपुरात बसून काय मागावे? स्पर्धेनंतर मी माझ्या ओळखीच्या छापखान्यात गेलो आणि रीमचे वेष्टन उलटसुलट करून वाचले. आकार, जाडी, वजन, पानांची संख्या, शुभ्रता, सारे होते. तंतू कशाचा आणि कुठला याचा शब्द नव्हता. छापखानेवाल्याने कागदाची एक पट्टी आडवी आणि एक उभी फाडून दाखवली, एक सरळ फाटली, दुसरी वेडीवाकडी. “याचा ग्रेन कुठे जातो ते मी सांगू शकतो साहेब, झाड कुठलं ते नाही सांगता येणार.” पाठ्यपुस्तकांसाठी राज्य दरवर्षी प्रचंड कागद विकत घेते. एवढा मोठा ग्राहक दुसरा नाही, आणि तो आपल्या निविदेत हवे ते लिहू शकतो. तिथे शुभ्रतेची अट सैल करावी, कारण मुलाला वाचायला दुधासारखा कागद लागत नाही आणि प्रत्येक पायरीच्या पांढरेपणासाठी नदीत काही तरी जाते. आणि तंतू रद्दीचा किती, शेतातल्या लाकडाचा किती, जंगलातल्या बांबूचा किती, आणि तो बांबू कोणत्या ग्रामसभेकडून किंवा डेपोतून कोणत्या दराने घेतला, हे कारखान्याला भरावे लागेल असा एक रकाना घालावा. खोटे भरले जाईल, असे कोणी म्हणेल. भरू द्यावे, मेंढा-लेखासारख्या गावांकडे आता स्वतःची परवान्यांची पुस्तके आहेत, आणि त्यांच्या स्थळप्रतींवर प्रत्येक ट्रकमधल्या बांबूंची संख्या लिहिलेली असते.